मर्यादित पैशांत लेन्स आणि जोडसाहित्य: आधी काय घ्यावे, काय टाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जवळ प्राथमिक श्रेणीचा, क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान सेन्सरचा) डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा असून त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. घरातले समारंभ, लहान मुले आणि अधूनमधून पक्षी हे छायाचित्रांचे विषय आहेत. संध्याकाळनंतर घरात काढलेली छायाचित्रे हललेली किंवा दाणेदार येतात. पैसे मर्यादित आहेत. तेव्हा नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यावी, १८-३०० सारखी सर्व काही व्यापणारी एकच झूम लेन्स घ्यावी, की जो तो सुचवतो ती ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्यावी, आणि फिल्टर, ट्रायपॉड वगैरेंपैकी खरोखर काय लागते?

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. या तिन्ही पर्यायांच्या आधी मी डोके वर-खाली आणि बाजूला वळणारा एक बाह्य फ्लॅश घेईन. त्यानंतर ५० ऐवजी ३५ मिलिमीटरच्या आसपासची मोठ्या अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची; एफ-आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) लेन्स, शक्यतो वापरलेली, घेईन. पक्ष्यांसाठीची लांब लेन्स तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन. सर्वव्यापी झूम आणि नवी बॉडी यांचा विचार आज करणार नाही.

मात्र काहीही विकत घेण्यापूर्वी स्वतःची जुनी छायाचित्रे संगणकावर पूर्ण आकारात उघडून नीट पाहावीत, कारण ‘हललेले’ या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळे दोष येतात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. चित्रातील प्रत्येक वस्तू, अगदी भिंतीवरचे घड्याळही, एकाच दिशेने फराटल्यासारखी दिसत असेल तर कॅमेरा धरणारा हात हलला आहे. घड्याळ स्वच्छ आहे पण मुलाचा हात फराटला आहे, असे असेल तर मूल हलले आहे. मूल मऊ आणि त्याच्यामागचा पडदा मात्र धारदार असेल, तर दोष फोकसचा आहे. पहिल्या दोषावर लेन्समधील स्थिरीकरण किंवा ट्रायपॉड हा उपाय आहे, दुसऱ्यावर केवळ अधिक प्रकाश किंवा अधिक वेगवान शटर, आणि तिसऱ्यावर एकही पैसा खर्च करण्याची गरज नाही: सर्व बिंदूंचा स्वयंचलित फोकस बंद करून एकच बिंदू निवडावा व तो डोळ्यावर ठेवावा. मुलांच्या छायाचित्रांत बहुधा दुसरा दोषच सापडतो, आणि स्थिरीकरणाचा त्यावर काडीचाही उपयोग होत नाही, कारण ते फक्त कॅमेऱ्याचे हलणे भरून काढते, समोरच्या मुलाचे नाही. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा), अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनक्षमता) यांची नोंद असते, तीही याच वेळी पाहावी. बहुतेक चित्रे १८ ते ३५ च्या दरम्यान काढलेली आढळली, तर ३०० मिलिमीटरची हौस आपली नसून जाहिरातीची आहे, एवढे तरी कळते.

आता मोठ्या अ‍ॅपर्चरने नेमके काय साधते ते पाहू. १८-५५ लेन्स ५५ मिलिमीटरला जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ला त्याच्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत येतो. म्हणजे ज्या दिव्यात आणि ज्या आयएसओवर आज शटर सेकंदाच्या विसाव्या भागावर अडते, तिथे ते जवळजवळ दोनशेव्या भागापर्यंत जाते, आणि खेळणारे मूल थांबवायला साधारण तेवढा वेग पुरतो. हा फरक मोठा आहे आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. मात्र त्याची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते. क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटर लेन्सने २ मीटरवरून एफ/१.८ ला छायाचित्र काढले, तर पुढून मागपर्यंत जेमतेम ११ सेंटिमीटरचा पट्टा धारदार येतो; एक चेहरा त्यात बसतो, पण मांडीवरचे बाळ आणि मागे बसलेली आजी दोघेही बसत नाहीत. कार्यक्रमातील आठ-दहा जणांचा गट घ्यायचा तर अ‍ॅपर्चर पुन्हा एफ/५.६ वर आणावे लागते, आणि मग मोठ्या अ‍ॅपर्चरसाठी मोजलेले पैसे त्या क्षणी निरुपयोगी ठरतात.

हेच फ्लॅश आधी घेण्याचे कारण आहे. कॅमेऱ्यावर उघडणारा छोटा फ्लॅश समोरून सपाट झोत टाकतो, म्हणून चेहरे पांढरेफटक आणि मागची भिंत काळी दिसते, व त्यामुळे अनेक जण फ्लॅश या प्रकाराचाच धसका घेतात. डोके वळणारा फ्लॅश पांढऱ्या छताकडे रोखला की प्रकाशाचा स्रोत फ्लॅश न राहता छत होते. छत मोठे असल्याने सावल्या मऊ पडतात आणि खोलीभर प्रकाश सारखा पसरतो. फ्लॅशचे डोके अगदी सरळ वर न ठेवता किंचित मागे, म्हणजे छायाचित्रकाराच्या डोक्यावरच्या छताकडे, झुकवावे. त्यामुळे प्रकाश समोरून तिरपा खाली येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचत नाही. सुरुवातीला कॅमेरा मॅन्युअलवर, शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग, अ‍ॅपर्चर एफ/४ किंवा एफ/५.६ आणि आयएसओ ८०० ठेवून पाहावे. पाव शक्तीवर किंवा त्याखाली फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो, त्यामुळे धावणारे मूलही गोठल्यासारखे येते, आणि हे सारे सोबत आलेल्या १८-५५ लेन्सनेच होते. जिला कमी प्रतीची लेन्स म्हणून नावे ठेवली जातात, ती एफ/५.६ ते एफ/८ दरम्यान किती धारदार आहे, हे पुष्कळांना फ्लॅश घेतल्यावरच कळते.

फ्लॅश निवडताना गाइड नंबर पाहतात. आयएसओ १०० ला तो एफ-आकड्याने भागला की प्रकाश किती मीटर पोहोचेल ते मिळते, म्हणजे गाइड नंबर ३६ असेल तर एफ/४ ला ९ मीटर. उत्पादक हा आकडा बरेचदा फ्लॅशचे झूम डोके १०५ किंवा २०० मिलिमीटरवर ओढून, म्हणजे प्रकाश अरुंद करून, छापतात, त्यामुळे तो मोठा दिसतो. दोन फ्लॅशची तुलना ३५ मिलिमीटरच्या स्थितीतील आकड्यांवरूनच करावी. छतावरून येणारा प्रकाश वाटेत पुष्कळ घटतो, तेव्हा शक्ती थोडी जास्त असलेली बरी. मुलांमागे फिरायचे असेल तर प्रकाशाचे प्रमाण स्वतः ठरवणारा टीटीएल फ्लॅश घ्यावा. गोडॉक्स, योंगनुओ यांसारख्या उत्पादकांचे असे फ्लॅश कॅमेरा कंपनीच्या फ्लॅशपेक्षा बरेच स्वस्त असतात, फक्त ते कॅनन, निकॉन, सोनी यांच्यासाठी वेगवेगळे बनतात, याकडे लक्ष असावे. फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश फुकट मिळाला तरी थेट कॅमेऱ्यावर चढवू नये, कारण त्यांतील काहींचा ट्रिगर व्होल्टेज शेकड्यांत असतो आणि आजच्या कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक्स त्याने जळू शकते. फ्लॅशसोबत निकेल मेटल हायड्राइडचे पुन्हा चार्ज होणारे सेल घ्यावेत. साध्या सेलवर दोन झोतांमधली वाट पाहण्यातच प्रसंग निघून जातो.

फ्लॅश जिथे चालत नाही, म्हणजे झोपलेले बाळ, रंगमंच, समईच्या उजेडातला चेहरा, तिथे लेन्स हवी. ५० की ३५, हा प्रश्न मग मोजपट्टीने सोडवावा. १.५ च्या क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटर लेन्सचे दृश्यक्षेत्र फुल फ्रेमवरच्या ७५ मिलिमीटरएवढे अरुंद होते. उभ्या चौकटीत एक मोठा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून घ्यायचा तर ५० मिलिमीटरला सव्वाचार मीटर मागे जावे लागते आणि ३५ मिलिमीटरला ३ मीटर. आपल्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि हे अंतर मोजावे. सव्वाचार मीटर मिळत नसतील तर ५० ने केवळ चेहरे निघतील. चेहरेच काढायचे असतील, बाहेर अंगणात किंवा खिडकीच्या उजेडात, तर ५० सारखी स्वस्त आणि सुंदर लेन्स दुसरी नाही, हेही तितकेच खरे. निकॉनमध्ये ३५ मिलिमीटर एफ/१.८ डीएक्स ही थेट याच कामाची लेन्स आहे. कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यांसाठी २४ मिलिमीटर एफ/२.८ एसटीएम ही चपटी लेन्स जवळची ठरते, ती एफ/१.८ च्या तुलनेत सव्वा स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) मागे आहे, पण घरात वावरायला ३५ पेक्षाही सोयीची आहे.

खोलीत एकाच लेन्सवर काम भागवायचे असेल आणि बदलाबदलीचा कंटाळा असेल, तर सिग्मा किंवा टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ झूम वापरलेली शोधावी. ती प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सएवढा प्रकाश देत नाही, पण पूर्ण झूमभर एफ/२.८ टिकवते, आणि सोबतच्या लेन्सच्या ५५ मिलिमीटरच्या टोकाशी तुलना केली तर तो चौपट प्रकाश आहे. सर्वव्यापी १८-३०० झूमबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. ती लांब टोकाला एफ/५.६ किंवा एफ/६.३ पर्यंतच उघडते, म्हणजे ज्या अडचणीसाठी हा प्रश्न विचारला गेला ती अडचण जशीच्या तशी राहते. प्रवासात एकच लेन्स नेणाऱ्याची सोय ती नक्की करते. पण तो प्रश्न वेगळा.

लेन्स कॅमेऱ्याला बसते एवढ्यावर समाधान मानू नये, ती पूर्णपणे चालते का हे पाहावे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर ५० मिलिमीटर एफ/१.८डी ही स्वस्त जुनी लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. नावात एएफ-एस असलेली ‘जी’ आवृत्तीच हवी. उलट एएफ-पी लेन्सेस काही जुन्या निकॉन कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्सेस क्रॉप आणि फुल फ्रेम दोन्ही डीएसएलआरवर चालतात, मात्र ईएफ-एस लेन्सेस फुल फ्रेमवर बसत नाहीत. डीएसएलआरच्या लेन्सेस अ‍ॅडॉप्टरने मिररलेस कॅमेऱ्यावर लावता येतात, कारण मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, आणि सेन्सर यांतील अंतर कमी असते (कॅनन ईएफमध्ये ते ४४ मिलिमीटर, तर आरएफमध्ये २० मिलिमीटर आहे) आणि उरलेली जागा अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. उलट दिशेने, म्हणजे मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर, हे जमत नाही. बरेच छायाचित्रकार मिररलेसकडे वळल्याने डीएसएलआरच्या चांगल्या लेन्सेस वापरलेल्या बाजारात भरपूर येत आहेत, आणि कमी पैशांत काम करणाऱ्याला याहून चांगली वेळ क्वचित येते.

वापरलेली लेन्स घेताना मात्र घाई करू नये. तिच्या बाहेरील ओरखड्यांकडे मी फारसे लक्ष देत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक चरा छायाचित्रात दिसतही नाही. मागच्या काचेवरचा चरा जास्त त्रास देतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका टोकाला तिरपा धरावा आणि दुसऱ्या टोकाने आत पाहावे. काही धुळीचे कण प्रत्येक लेन्समध्ये दिसतात, त्यांची चिंता नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती काचेवरचा लेप खाते आणि स्वच्छ केल्यावरही खूण मागे ठेवते, तेव्हा अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. सगळीकडे सारखा धुरकटपणा दिसला तरी तेच. त्यानंतर अ‍ॅपर्चरची पाती तेलकट आहेत का ते पाहावे, कारण तेल आले की पाती आळसावतात आणि चित्रे अधूनमधून जास्त उजळ येऊ लागतात. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर झूम आपोआप घसरते का, कानाजवळ धरून हलक्या हाताने हलवल्यावर काही सुटे वाजते का, फोकसचा आवाज मध्येच अडखळतो का, हेही तपासावे. स्थिरीकरण असलेल्या लेन्समध्ये बंद अवस्थेत थोडा खुळखुळाट येतो, तो दोष नव्हे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी बहुतेक जण सोडून देतात. आपला कॅमेरा आणि कार्ड सोबत न्यावे, लेन्सचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर ठेवून विटांच्या भिंतीसारखा सपाट, बारीक तपशिलाचा पृष्ठभाग अगदी समोरून टिपावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या रचनेचा स्वभाव आहे. तीन कोपरे चांगले आणि एक पुसट असेल, आणि कॅमेरा उलटा धरून पुन्हा टिपल्यावर पुसटपणाही भिंतीच्या विरुद्ध कोपऱ्यात सरकला, तर लेन्समधील काच जागेवरून सरकलेली आहे. ती लेन्स बहुधा केव्हातरी पडलेली असते, आणि तिची दुरुस्ती लेन्सच्या किमतीला परवडत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत आधी अपेक्षा जमिनीवर आणू. २० सेंटिमीटर लांबीचा पक्षी १० मीटरवर बसला असेल तर २५० मिलिमीटर लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर ५ मिलिमीटर पडते, म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या पाचव्या भागाइतकी. ५ मीटरवर गेलो तर ती दुप्पट होते, आणि त्यासाठी पैसे नव्हे, आडोसा आणि धीर लागतो. या पट्ट्यातील स्वस्त लेन्सेसपैकी स्थिरीकरण असलेलीच घ्यावी. कॅननमध्ये आयएस, निकॉनमध्ये व्हीआर, टॅमरॉनमध्ये व्हीसी, सिग्मात ओएस अशी अक्षरे त्यासाठी असतात, आणि एकाच लेन्सच्या दोन आवृत्त्यांपैकी एका आवृत्तीत ती नसतात, म्हणून नाव शेवटपर्यंत वाचावे. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम वापरलेली मिळाली तर त्याच कंपनीच्या स्थिरीकरण नसलेल्या ७५-३०० पेक्षा ती सर्व बाजूंनी सरस आहे, जरी आकडा ५० ने कमी दिसला तरी. अशा लेन्सला दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर लावू नये. तो दोन स्टॉप प्रकाश खातो, आणि एफ/५.६ ची लेन्स एफ/११ ची झाली की बहुतेक डीएसएलआरचा स्वयंचलित फोकस हात टेकतो.

फिल्टरबाबत दुकानदाराचा आग्रह नेहमी यूव्ही फिल्टरचा असतो. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील किरण अडवणारा थर आधीच असतो, त्यामुळे प्रतिमेसाठी त्याची गरज नाही. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणि खारे तुषार यांपासून काच वाचवायला तो चालेल. एरवी लेन्स हूड ते काम अधिक चांगले करते आणि भटका प्रकाशही अडवते; फक्त कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश वापरताना ते काढावे, नाहीतर चित्रात खाली अर्धगोल सावली पडते. पैसे घालावेत असा फिल्टर एकच, तो म्हणजे सर्क्युलर पोलरायझर, कारण पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चमक नंतर संगणकावर काढता येत नाही. तो सर्वांत मोठ्या व्यासाच्या लेन्ससाठी घ्यावा आणि लहान लेन्सेसना स्टेप-अप रिंगने लावावा. लेन्सच्या पुढे फिरकीने बसणारे ‘वाइड’ आणि ‘टेली’ कन्व्हर्टर संचात फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

फुले, कीटक, दागिने जवळून टिपायचे असतील तर मॅक्रो लेन्सऐवजी एक्स्टेन्शन ट्यूबने सुरुवात करावी. त्यात काच नसते, म्हणून दर्जा बिघडवण्यासारखे काही नसते. ५० मिलिमीटर लेन्सला २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की मोठेपणात अर्ध्या पटीची भर पडते. ट्यूबमध्ये विद्युत संपर्क असलेलीच घ्यावी, कारण कॅननच्या ईएफ लेन्सेसचे अ‍ॅपर्चर विजेवर चालते आणि संपर्क नसेल तर ते उघडेच राहते.

ट्रायपॉड हा एकच प्रकार असा आहे की त्यात अगदी स्वस्त घेण्यापेक्षा न घेणे बरे. घ्यायचाच तर मधला खांब न उचलता डोळ्यांच्या जवळपास उंची देणारा, पायांचे कमी तुकडे असलेला आणि डोके वेगळे करता येणारा पाहावा, आणि कॅमेरा लावून वरून बोटाने टिचकी मारावी. थरथर दोन सेकंदांत थांबली नाही तर तो कामाचा नाही. पोटापुरता खर्च मेमरी कार्डावर करावा. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. व्ही३० हे चिन्ह असेल तर सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी असते, आणि या श्रेणीच्या कॅमेऱ्याला तेवढी पुरते. बनावट कार्डे फार असल्याने नवे कार्ड एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या विनामूल्य सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासल्याशिवाय समारंभाला नेऊ नये. एक जादा बॅटरी, रबरी ब्लोअर आणि मायक्रोफायबरचे कापड एवढे घेतले की सफाईचा संच घेण्याची गरज नाही. लेन्सेस कापडी बॅगेत महिनोन्‌महिने बंद ठेवल्या की दमट हवेत बुरशी धरते; झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी.

राहिला बॉडीचा प्रश्न. छताकडे वळवलेला फ्लॅश आणि मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स वापरूनही चित्र दाणेदार राहत असेल, किंवा धावणाऱ्या मुलाच्या डोळ्यावरचा फोकस वारंवार निसटत असेल, तर बॉडी खरोखर आड येते आहे असे म्हणता येईल. त्या वेळी मिररलेसकडे जायचे झाल्यास जवळच्या लेन्सेस कोणत्या अ‍ॅडॉप्टरवर स्वयंचलित फोकस करतात ते आधी पाहावे. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सेस कंपनीच्याच अ‍ॅडॉप्टरने आरएफ कॅमेऱ्यांवर व्यवस्थित फोकस करतात; निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सेस फोकस करतात, पण कॅमेऱ्यातील मोटरवर अवलंबून असलेल्या जुन्या डी लेन्सेस करत नाहीत, आणि हे आज लेन्स घेतानाच ध्यानात घेतलेले बरे.